मोठीची ट्रॉली, लहानीचा ट्रॅक्टर

खोटं कशाला बोलू, मला माझ्या जावेचा हेवा वाटतो. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून वाटतो. तिचे केस लांब, तिच्या हाताला चव, तिच्या माहेरचे लोक दिवाळीला न चुकता येतात, आणि ती हसली की समोरचं माणूस आपोआप हसतं. मी हसले तर लोक विचारतात, काय झालं? हे सगळं मी गिळलं असतं. ट्रॅक्टर मात्र घशाखाली उतरला नाही.

आमची वाटणी झाली तेव्हा धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, निम्म्या-निम्म्या झाल्या, अंगणात भिंत आली, भांडीकुंडी वाटून झाली. उरलं ट्रॅक्टर-ट्रॉलीचं धूड. मामाजी, म्हणजे माझे सासरे, खाटेवर बसून खर्रा चघळत होते. तो सुपारी-तंबाखूचा गोळा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून ते म्हणाले, "ट्रॅक्टर लहान्याचा. ट्रॉली मोठ्याची. अन् मी मोठ्यापाशी राहीन." पंचांनी माना हलवल्या, चहा प्यायले आणि गेले. म्हाताऱ्याचा डाव साऱ्या गावाला कळला. ट्रॉली नसेल तर ट्रॅक्टरवाला धान नेणार कशात, आणि ट्रॅक्टर नसेल तर ट्रॉली ओढणार कोण? अंगणातली भिंत कितीही उंच बांधा, धान निघालं की दोघा भावांना एकमेकांच्या दारात यावंच लागणार होतं.

डाव असेल चांगला. माझ्या अंगाची मात्र लाही लाही झाली. तिच्या वाट्याला धूर सोडत कोंढ्याच्या बाजारापर्यंत पळणारा ट्रॅक्टर, आणि माझ्या वाट्याला जागची न हलणारी ट्रॉली आणि जागचे न हलणारे मामाजी. "ट्रॉलीची काय पूजा करू?" मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बाबानं देलं ते देलं. तू कायले तोंड वाकडं करून राहिली?" त्या दिवशी मी भात करपवला. मुद्दाम नाही, पण मला वाईटही वाटलं नाही.

मामाजींना सांभाळणं म्हणजे काय, ते ज्यानं सांभाळलं त्यालाच कळेल. चहात साखर कमी पडली की कप तसाच बाजूला ठेवणार, बोलणार काही नाही. खर्रा अंगणात थुंकणार, तोही मी नुकतंच सारवलेल्या जागी. दिवसभर "अवो मोठे, अवो मोठे" चालू. पाणी दे, चष्मा पाहा, कोंबडी आत शिरली. मी खेकसायची, ते परत हाक मारायचे. भिंतीपलीकडून लहानीच्या, म्हणजे माझ्या जावेच्या, बांगड्या वाजायच्या. तिला कोणी हाक मारत नव्हतं. मजा आहे बाईची, असं मी मनात म्हणायची, आणि कधी कधी मोठ्यानंही.

एका गोष्टीत तेवढं माझं चालायचं. ट्रॉलीची पिन माझ्या हातात होती.

ट्रॉली ट्रॅक्टरला कशी जोडतात ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. ट्रॉलीच्या पुढं एक लांब दांडी असते, दांडीच्या टोकाला लोखंडी कडी. ट्रॅक्टरच्या मागं जबड्यासारखा हूक असतो. ट्रॅक्टर मागं मागं आणायचा, कडी बरोबर जबड्यात शिरली पाहिजे, आणि जबड्याची वरची-खालची दोन आणि कडीचं एक अशी तिन्ही भोकं एका रेषेत आली की वरून जाड पिन सोडायची. ऐकायला सोपं आहे. बोटभर चुकलं तर पिन उतरत नाही, आणि हात मध्ये राहिला तर बोट राहत नाही. आमच्याकडे दीर ट्रॅक्टर मागं आणायचे, नवरा बाजूला उभा राहून "ये, ये, ये, अजून ये" ओरडायचा, आणि पिन मी टाकायची. एका दमात. टक. दीर सुद्धा म्हणायचे, "वयनीच्या हाताले डोळे आहेत." लहानी तेव्हा भिंतीशी उभी राहून बघायची. तिनं बघावं म्हणून मी पिन जरा जास्तच तोऱ्यात टाकायची.

आणि मी एक नियमच करून टाकला होता. ट्रॉली आधी आमच्या अंगणापुढच्या खळ्यात भरायची, काठोकाठ, दोन्ही घरचे कट्टे, म्हणजे धानाची पोती, वर चढवून ताडपत्री बांधून तयार, आणि मगच ट्रॅक्टरला निरोप. दुनिया आधी रिकामी ट्रॉली जोडते आणि मग भरते, हे मलाही ठाऊक होतं. पण भरेपर्यंत त्यांचा ट्रॅक्टर माझ्या खळ्यात उभा राहणार, लहानी येता-जाता बघणार, आणि उद्या नळावर कोणीतरी म्हणणार की बिचारे अख्खी सकाळ यांच्या कामाला थांबले. नको ते उपकार. ट्रॅक्टरनं यावं, पिन पडावी, निघावं. जुना ट्रॅक्टर बसका होता, त्याचा हूक खाली, म्हणून भरलेल्या ट्रॉलीलाही तो कसाबसा जुळायचा. वाटणीपासून असंच चाललं होतं.

मग दिरांनी नवा ट्रॅक्टर घेतला.

उंच, निळा, चाकं माझ्या खांद्याला लागतील एवढी. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आमच्याकडे वाटी भरून आली. मी मामाजींना दोन दिले आणि बाकीचे झाकून ठेवले. त्याहून वाईट पुढं झालं. दिरांनी लहानीला ट्रॅक्टर चालवायला शिकवला. तलावाच्या पाळीवरून ती पदर खोचून, ओढणीनं डोकं बांधून ट्रॅक्टर चालवत यायची आणि बाया कापणी सोडून बघायच्या. "माय वो, पाहा ना लहानी!" पाहा ना म्हणे. एवढी वर्षं मी त्या ट्रॅक्टरच्या मागं पिन घेऊन वाकले, धूर खाल्ला, मला कधी कोणी म्हटलं नाही की वयनी, घटकाभर सीटवर बसून तर पाहा. मामाजी तर खाटेवरून उठून फाटकापर्यंत गेले बघायला. माझ्यासाठी ते कधी फाटकापर्यंत गेले नव्हते.

"मस्त चालवते लहानी," ते परत येऊन म्हणाले. मी त्यांना चहा दिला, बिनसाखरेचा.

त्या सालचं धान चुरून, म्हणजे मळून, झालं आणि सरकारी खरेदी केंद्रावरून फोनवर निरोप आला की आमचा नंबर दुसऱ्या दिवशी आहे. सकाळी आभाळ भरून आलेलं. आमच्या भागात हिवाळ्यातलं आभाळ दिसलं की जो तो ताडपत्री शोधायला धावतो, कारण भिजलेलं धान केंद्रावर कोणी घेत नाही आणि गेलेला नंबर परत कधी येईल सांगता येत नाही. मी माणसं लावून उजाडताच ट्रॉली भरून घेतली. नेहमीसारखी, काठोकाठ. मग ट्रॅक्टरला निरोप धाडला.

ट्रॅक्टर आला. सीटवर कोण? लहानी. दीर मागून पायी.

मी पिन घेऊन उभी राहिले. नवरा "ये, ये" ओरडायला लागला. लहानीनं ट्रॅक्टर सरळ रेषेत मागं आणला, मान वळवून, एका हातानं. मला तिच्यात खोट काढायची होती आणि खोट सापडेना. जबडा कडीसमोर येऊन थांबला, पण वीतभर वर. हूक उंच आणि कडी खाली. भरलेल्या ट्रॉलीचा सगळा भार पुढं दांडीवर आलेला, आणि दांडीखालचा जॅक खळ्याच्या मऊ मातीत रुतलेला.

"जॅक फिरव," दीर म्हणाले. नवऱ्यानं जॅक फिरवला. दांडी वर यायच्या ऐवजी जॅकचा पायच आणखी खाली गेला. त्याखाली वीट ठेवली, वीट फुटली. फळी ठेवली, फळी वाकली, पण दांडी हळूहळू उचलली गेली एकदाची. लहानीनं ट्रॅक्टर आणखी इंचभर मागं घेतला. कडी जबड्यात शिरली. मी पिन सोडली. अर्धी गेली आणि अडकली. डावं चाक खाली बसल्यामुळं ट्रॉली एका अंगावर कलली होती आणि कडी जबड्यात तिरपी झाली होती.

"ठोक," दीर म्हणाले. नवऱ्यानं घण आणला आणि ठोकली. ती तिरपीच्या तिरपी घट्ट बसली, ना वर ना खाली. मग खालून ठोकून काढायला नवरा ट्रॅक्टरखाली निजला. ग्रीस आणलं, पिनेला लावलं, माझ्या हाताला लागलं, पदराला लागलं. पुन्हा टाकली, पुन्हा अडकली. आभाळ तोवर आणखी खाली आलेलं.

"तुमची कडीच वाकडी आहे, दादा," दीर म्हणाले.

"कडी वाकडी नाई, तुमचा हूक वर आहे," मी म्हटलं. "आजवर कोन्या ट्रॅक्टरले जमत नव्हती का?"

"वयनी, तो जुना होता."

"हाव, जुनं ते सारं आमच्याकडं. नवं तुमच्याकडं."

नवरा ट्रॅक्टरखालून म्हणाला, "अवो, चूप बस ना जरा!" खाटेवरून मामाजी ओरडत होते, "डावीकडे घ्या! अबे, डावीकडे!" ते काय डावीकडे घ्यायचं हे कोणाला कळत नव्हतं, त्यांनाही नसावं. लहानी सीटवर बसून माझ्या हाताकडे बघत होती. माझ्या ग्रीस लागलेल्या हाताकडे, ज्याला डोळे आहेत असं तिचा नवरा म्हणायचा.

मग दिरांनी हात झटकले आणि म्हणाले, "राहू द्या. आज भाड्यानं दुसरा ट्रॅक्टर पाहू. आता मी पवनीले जाऊन नवीन ट्रॉलीच सांगून येतो. या ट्रॅक्टरले ही नाई जमत."

नवरा ट्रॅक्टरखालून बाहेर आला आणि हाताचं ग्रीस पुसायला लागला. मी मनातच हिशोब मांडला. नवी ट्रॉली आली म्हणजे त्यांच्याकडे ट्रॅक्टरही, ट्रॉलीही. आमच्या दारात यायचं त्यांना कारणच उरणार नाही, आणि आमची ट्रॉली तिथंच कोंबड्या बसायला. दरवर्षी धान निघालं की आम्ही कोणाकोणाच्या दारात ट्रॅक्टर मागत फिरायचं, आणि ती निळ्या ट्रॅक्टरवरून तिची नवी ट्रॉली घेऊन समोरून जाणार. डोकं ओढणीनं बांधून. हे मला बघवलं नसतं. मेले असते मी.

आणि करायचं काय हे मला पहिल्या फटक्यालाच कळलं होतं, हे इथं सांगून टाकते. पुढचे कट्टे उतरवले की दांडी हलकी होणार, कडी सरळ होणार, पिन पडणार. शेंबड्या पोरालाही कळेल. पुरुषांना घण दिसत होता म्हणून कळत नव्हतं, आणि मला कळत होतं म्हणून मी बोलत नव्हते. कारण मग ट्रॅक्टर जोडून माझ्या खळ्यात उभा राहणार, आणि तिच्यासमोर, तिच्या ट्रॅक्टरला थांबवून, आम्ही पुन्हा कट्टे भरणार. जीव गेला तरी हे माझ्या तोंडातून निघेना.

लहानी सीटवरून उतरली. पदर खोचला, चाकावर पाय ठेवून ट्रॉलीवर चढली आणि ताडपत्रीची गाठ सोडायला लागली. "ताई, पुढचे कट्टे खाली घेऊ. हलकी झाली का आपोआप लागते. मंग भरू परत."

"वेळ जाईल तुमचा," मी म्हटलं.

"जाऊ द्या ना. कोठी जायचं आहे मले?"

पहिला कट्टा तिनं ढकलला तो मी खाली धरला. धरला म्हणजे काय, अंगावरच घेतला. पुरुष बघत राहिले आणि मग लाजून पुढं आले. पुढचा थर उतरला तशी दांडी जॅकवरून वर उचलायला लागली. नवऱ्यानं बुडलेल्या डाव्या चाकाखाली फावड्यानं माती कोंबली, दिरांनी जॅक फिरवला, आता तो फिरला. लहानी पुन्हा सीटवर गेली. माझ्याकडे वळून तिनं डोळ्यांनी विचारलं, मी हातानं सांगितलं, अजून, अजून, थांब. कडी जबड्यात गेली. पिन सोडली. टक.

मामाजींनी खाटेवर टाळी वाजवली. कोणासाठी वाजवली कोण जाणे. मी ती माझ्याच नावावर धरली.

मग ट्रॅक्टर खळ्यात उभा, इंजिन बंद, आणि आम्ही सगळे मिळून कट्टे भरतो आहोत. रस्त्यानं जाणारे बघून गेले. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. एक जण तर म्हणाला, "दोन्ही घरं एका जागी, बरं वाटते बाप्पा." माझा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही.

पुरुष ताडपत्री बांधत होते तेव्हा लहानी माझ्या माठाशी आली. मी तिला पाणी दिलं. तिच्या केसांत भुसा, गालावर ग्रीसचा पट्टा, आणि तरीही ती चांगलीच दिसत होती, त्याचाही मला राग आला. पाणी पिऊन ती तिथंच उकिडवी बसली.

"ताई, मी यायले, तुमच्या दिराले, सांगते. ट्रॉली नाई घेत आमी," ती म्हणाली. "कायले घ्यायची? तुमची आहे ना. आता आधी रिकामी जोडत जाऊ. ट्रॅक्टर दोन दिवस तुमच्या खळ्यात राहिला तरी माझं काही नाई."

माझा जीव भांड्यात पडला. मी काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पण एक मागते. यंदा होळीवरी मामाजीले आमच्याकडं राहू द्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मामाजीले? ते खर्रा थुंकतात सारवल्यावर. चहात साखर चार चमचे."

"ऐकू येते ना मले भिंतीतून," ती म्हणाली. "अवो मोठे, अवो मोठे. दिवसभर. ताई, वाटणी झाली तवा मी चार दिवस रडली. तुमाले वाटलं असंन, ट्रॅक्टर भेटला म्हणून खुशीत आहे. माझ्या बापाचं तोंड मले आठवत नाई. लग्न होऊन आली अन् मामाजी भेटले. अन् वाटणीत ते तुमाले गेले. आमाले लोखंड देलं. आमचं घर सारवलं का तसंच राहते, कोणी थुंकत नाई." तिनं पदरानं नाक पुसलं. "होळीवरीच, ताई. मंग ट्रॉलीचं मी पाहून घेईन."

आता तुम्ही सांगा, माझ्या जागी कोणतीही शहाणी बाई काय म्हणाली असती? ट्रॉली वाचत होती. ट्रॅक्टर माझ्या खळ्यात उभा राहणार होता. वर होळीपर्यंत तीन महिने हाका नाहीत, थुंकणं नाही, कप परत येणं नाही. मी सकाळपासून ज्यासाठी ग्रीस माखून घेतलं ते सगळं ती माझ्या ओंजळीत टाकत होती.

मी मामाजींकडे पाहिलं. ते नवऱ्याला सांगत होते की दोरीची गाठ चुकीची आहे. आणि मला एकदम दिसलं, ते भिंतीपलीकडे बसलेत, तिच्या हातचा चहा पिताहेत, आणि कप रिकामा करताहेत. "अवो लहाने" अशी हाक मारताहेत. आणि मी अलीकडे उभी राहून ते ऐकते आहे. मी माठावर झाकण आपटलं. निळा ट्रॅक्टर बघितला तेव्हाही एवढा हेवा वाटला नव्हता.

"घ्या तुमी नवी ट्रॉली," मी म्हटलं. "मामाजी नाई येत."

तिनं पेला माठाशी ठेवला. मग उठली, सीटवर चढली आणि ट्रॅक्टर सुरू केला. धान केंद्रावर कोरडं पोचलं.

उन्हाळ्यात त्यांच्या दारात लाल रंगाची नवी ट्रॉली आली. आमची खळ्याच्या कोपऱ्यात पडून आहे, आम्ही ट्रॅक्टर भाड्यानं आणतो. लहानी मला काही बोलली नाही, अजूनही बोलत नाही. फक्त अधूनमधून संध्याकाळी ती भिंतीवरून एक झाकलेली वाटी पुढं करते, मामाजींसाठी. कधी लाखोळीच्या डाळीचे वडे, कधी खीर. मी वाटी घेते, आमच्या भांड्यात ओतते आणि मामाजींसमोर ठेवते, मी केलंय म्हणून.

ते बोटं चाटून खातात आणि म्हणतात, "आज जमलं वो मोठे तुले. रोज असं काहून नाई करत?"